एजर मध्येच बंद पडतंय? पाना घेण्याआधी घड्याळ बघा

कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या एका बंगल्याच्या लॉनची कड मारताना माझं एजर पंधराव्या मिनिटाला बंद पडायचं. अगदी घड्याळ लावल्यासारखं. सावलीत दहा मिनिटं ठेवलं की पुन्हा चालू, आणि पुन्हा पंधरा मिनिटांनी गप्प. मी स्पार्क प्लग बदलला, फिल्टर धुतला, शेवटी वैतागून नवं कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बसवलं. तरी तेच. मग मशीन घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पानासुद्धा उचलला नाही. मशीन चालू करून कट्ट्याला टेकवलं आणि चहा सांगितला. चहा झाला, एक पान झालं, इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या. तेवढ्यात इंजिनानं आचके दिले आणि ते बंद पडलं. मिस्त्री उठले, पेट्रोलच्या टाकीचं झाकण अर्धं फिरवलं. ‘फुस्स’ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला.

“ऐकलासा न्हवं?” ते म्हणाले. “टाकीला श्वास घ्यायला जागा न्हाई. झाकणाच्या भोकात माती बसल्या.”

टाचणीनं भोक मोकळं केलं आणि काम संपलं. पैसे फक्त चहाचे झाले, तेही त्यांनी घेऊ दिले नाहीत. नवं कार्बोरेटर मात्र माझ्या बोकांडी बसलं. तेव्हापासून मशीन बंद पडलं की मी आधी ते कधी बंद पडलं आणि कसं बंद पडलं, एवढंच आठवतो. खालचा सगळा क्रम त्यावरच बेतलेला आहे.

एजर म्हणजे लॉनची कड सरळ कापणारं मशीन. त्याचं पातं उभं फिरतं, जमिनीत दोन-तीन सेंटिमीटर जातं आणि फरशीवर किंवा फुलझाडांच्या वाफ्यात घुसलेली हरळी छाटतं. आपल्याकडे दोन तऱ्हा दिसतात. एक दांडीचं, हातात धरायचं, टू-स्ट्रोक इंजिनचं, म्हणजे ज्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. दुसरं चाकांवर ढकलायचं, बहुतेक फोर-स्ट्रोक, ज्यात ऑइल वेगळं भरतात. बरेच माळी ब्रश कटरच्या दांडीलाच एजरचं तोंड जोडतात. इंजिन तेच असल्यामुळे हे सगळं त्यालाही लागू पडतं.

हात घालण्याआधी

प्लगची टोपी काढून बाजूला केल्याशिवाय पात्याजवळ बोट न्यायचं नाही. इंजिन बंद असलं तरी पातं हातानं फिरवताना कधीकधी एखादा ठोका पडतो, आणि तेवढा पुरतो. सायलेन्सर गार होईपर्यंत टाकी उघडून पेट्रोल ओतायचं नाही. चष्मा घाला. पात्याखालून उडालेला खडा किती जोरात येतो, हे ज्याच्या नडगीला लागलाय त्याला सांगावं लागत नाही.

जवळ काय असावं? प्लगपाना, एक चांगला जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, टाचणी, काचेची स्वच्छ बाटली आणि जुना टूथब्रश. घरच्या घरी एवढ्यावर बहुतेक काम भागतं.

खटकन, की आचके देत?

बंद पडतानाचा आवाज नीट ऐका. एखाद्यानं दिव्याचं बटण दाबावं तसं इंजिन खटकन थांबलं, तर दोष ठिणगीकडे आहे: प्लग, कॉईल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) किंवा स्टॉप स्विचची वायर. आधी आवाज चढला किंवा हेलकावला, मग दोन-तीन आचके आले आणि मग बंद पडलं, तर पेट्रोल पुरत नाहीये. आवाज जड होत होत दबला, धूर काळपट झाला, तर हवा कमी पडतेय किंवा पात्यावर भार जास्त येतोय. आणि कर्रकन थांबून दोरीच ओढेना झाली, तर तिथंच थांबा. त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. चालू होऊन पाच-दहा सेकंदांत मरतं का? दहा-पंधरा मिनिटांनी, गरम झाल्यावर? रेस दिली की? पातं मातीत घातलं की? की मशीन तिरकं केलं की? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मी यादी गळून पडते. मिस्त्रींनी चहा सांगितला तो पाहुणचार होताच, पण त्यात तपासणीही चालली होती.

सगळ्यात आधी पेट्रोल

माझ्या अनुभवात मध्येच बंद पडणाऱ्या दहातली निदान सहा मशीनं पेट्रोलच्या वाटेवर अडकलेली असतात. त्यामुळे सुरुवात इथूनच.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडात धरा. एकसारखं दिसलं तर ठीक. तळाला वेगळा थर, पाण्याचे थेंब किंवा गढूळपणा दिसला, तर मशीनला हात लावायची गरजच नाही, पेट्रोल टाकून द्या. गटारात नव्हे. गॅरेजवाले जळकं ऑइल साठवतात त्यांना विचारा.

हल्ली हे वाढलंय, त्याला कारण आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या कोल्हापूरच्या माणसाला इथेनॉलचं वावडं असायचं कारण नाही. आपल्याच उसाच्या मळीतून आणि रसातून ते निघतं, त्यावर कारखान्यांचे चार पैसे होतात. पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. जून ते सप्टेंबर इथली हवा किती दमट असते ते भिंतीवरच्या बुरशीला विचारा. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. टाकीतला फिल्टरही तळाशीच असतो, म्हणजे इंजिन आधी तेच ओढतं. टू-स्ट्रोकला याचा जास्त धोका, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. खालच्या थरात वंगण जवळपास नसतंच. इंजिन बंद पडलं तर नशीब समजायचं, कारण त्यावर चालत राहिलं असतं तर पिस्टनला ओरखडे पडले असते.

बहुतेक छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. २० टक्क्यांत हवेच्या मानानं पेट्रोल थोडं कमी पडतं, आणि कारसारखा ते सावरून घेणारा सेन्सर या कार्बोरेटरला नसतो. उपाय एवढाच की लागेल तेवढंच पेट्रोल आणायचं, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवायचं आणि पंधरा-वीस दिवसांत संपवायचं. पावसाळ्यात महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवायचं.

टू-स्ट्रोकचं मिश्रण टोपणानं मोजू नका. टोपण कुणाचं केवढं, त्याला धरबंध नसतो. ५०:१ सांगितलं असेल तर एका लिटरला २० मिली ऑइल. ४०:१ असेल तर २५ मिली, आणि २५:१ असेल तर ४० मिली. औषधाची साधी सिरिंज याला उत्तम. कॅनमध्ये आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल घालून हलवायचं. टाकीत पेट्रोल ओतून वरून ऑइल सोडणारे महाभाग मी बघितलेत. त्यांचा पहिला घोट नुसत्या पेट्रोलचा आणि दुसरा नुसत्या ऑइलचा.

पेट्रोल चांगलं निघालं तर आता झाकण. मशीन चालवा, आणि बंद पडायची वेळ झाली की झाकण पाव आटा सैल करा. फुस्स आवाज आला किंवा मरायला टेकलेलं इंजिन सावरलं, तर चोर सापडला. झाकणात एक बारीक भोक किंवा रबरी झडप असते. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा तिथून आत यायला हवी. एजर मातीतच तोंड घालून चालतं, त्यामुळे ते भोक ओल्या काळ्या मातीनं लिंपलं जाणं अगदी स्वाभाविक. टाचणीनं साफ करा, फुंकून बघा. काही मशीनमध्ये ही हवेची नळी वेगळी असते, ती टाकीच्या वरच्या बाजूला सापडेल. झाकण सैल ठेवून काम मात्र करत बसू नका. गरम सायलेन्सर तिथून वीतभरच असतो.

मग टाकीतला फिल्टर. वाकवलेल्या तारेनं नळी हळूच बाहेर ओढा. फिल्टर तपकिरी, चिकट झाला असेल तर धुवायच्या भानगडीत न पडता बदला. नळी बोटांनी दाबून बघा. कडक झाली असेल, चिरा असतील किंवा उलट फुगून बिलबिलीत झाली असेल, तर तीही बदला. चिरेतून हवा ओढली जाते आणि मशीन तिरकं केलं की आचके देतं. बाहेरचा रबरी फुगा आठ-दहा वेळा दाबून त्यात बुडबुडे राहतात का तेही बघा. सतत बुडबुडे येत असतील तर कुठंतरी हवा शिरतेय.

कार्बोरेटर, पण शेवटी

इथं लोकांचे हात शिवशिवतात. स्क्रू दिसला की फिरवायचा. तसं करू नका.

टू-स्ट्रोक दांडीच्या मशीनमध्ये तरंगती डबी (कार्बोरेटरखालचं पेट्रोलचं वाटीसारखं भांडं) नसते, डायफ्रॅमचा कार्बोरेटर असतो. म्हणूनच ते कसंही तिरकं धरलं तरी चालतं. चार स्क्रू काढले की आत पातळ रबरी पडदा दिसतो. तो कापडासारखा लुळा हवा. वाळलेल्या पिंपळपानासारखा कडक झाला असेल, दाबल्यावर कडकड वाजत असेल, तर त्याचं आयुष्य संपलं. इथेनॉलचं पेट्रोल यात भर घालतं. पडदे आणि गॅस्केट (सांध्यात बसणाऱ्या पातळ चकत्या) यांचा संच वेगळा मिळतो, अख्खा कार्बोरेटर घ्यायची गरज नसते. उघडताना प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढा. एका बाजूला आधी गॅस्केट मग पडदा, दुसऱ्या बाजूला नेमकं उलट, असा क्रम असतो, आणि तो चुकला की मशीन चालूच होत नाही. आतली बारीक जाळी टूथब्रशनं आणि कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्यानं साफ करा. तार घालायची नाही.

बाहेरचे दोन स्क्रू, एल आणि एच. एल म्हणजे मंद गतीचं पेट्रोल, एच म्हणजे जोराच्या गतीचं. उजवीकडे फिरवलं की पेट्रोल कमी होतं. फिरवण्याआधी एलचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत बसेपर्यंत आटे मोजा आणि कागदावर लिहा. मग हवं तेव्हा मूळ जागी परत येता येतं. साधारण एक ते दीड आटा बाहेर, ही सुरुवातीची जागा. चालू होऊन मंद गतीत मरत असेल तर एल पाव आटा डावीकडे, मग गरज पडली तरच मंद गतीचा तिसरा स्क्रू. पण मंद गतीत पातं फिरायला लागलं तर तो स्क्रू जास्त आत गेलाय, लगेच मागे घ्या. एचला मात्र हात लावायचाच नाही. तो जरा जास्त आत गेला की इंजिन मस्त जोरात, टीपेच्या आवाजात चालतं, आपण खूश होतो, आणि त्याच जोशात पिस्टन धरतं, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होऊन बसतं.

फोर-स्ट्रोकच्या चाकावरल्या मशीनला तरंगती डबी असते. खालचा एक बोल्ट, बहुतेक १० नंबरच्या पान्यानं खोलतो, डबी उतरते. तळात पांढरी-हिरवी पावडर किंवा जेलीसारखं काही असेल तर मधली जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) नक्की चोंदलेली आहे. ती उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसली पाहिजे. साफ करायला वायरमधली एक बारीक तांब्याची तार वापरा. सुई घातलीत तर भोक मोठं होईल. इंजिन सारखं वर-खाली, वर-खाली होत असेल, धाप लागल्यासारखं, तर तेही याच जेटचं किंवा गॅस्केटमधून हवा ओढल्याचं लक्षण.

ठिणगीची तपासणी

इंजिन खटकन मेलं आणि गार झाल्यावर पुन्हा चालू होतंय, आणि झाकण सैल करून काही फरक पडत नाही, तर कॉईलवर संशय घ्यायचा. गरम झाल्यावर तिच्यातली तार दगा देते. पण ते सिद्ध करायचं तर बंद पडल्या क्षणीच बघावं लागतं. दहा मिनिटांनी बघून उपयोग नाही, तोवर ठिणगी परत आलेली असते.

इथं जादा प्लग कामाला येतो. मशीन बंद पडलं की इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्या, फक्त टोपी काढा. ती जादा प्लगवर बसवा, त्या प्लगचा धातूचा आटा सिलिंडरवरच्या धातूच्या पट्ट्यांना (फिन्सना) टेकवून धरा आणि दोरी ओढा. सावलीत निळी, कडक ठिणगी दिसली तर कॉईल ठीक आहे. काहीच दिसलं नाही, किंवा पिवळट मरतुकडी दिसली, तर कॉईल किंवा वायर. असं केल्यानं गरम प्लग काढावा लागत नाही आणि उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ ठिणगीजवळ येत नाही. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना, तेवढं बघा.

कॉईलला दोष देण्याआधी स्टॉप स्विचची वायर बघा. ती दांडीच्या बाजूनं खाली येते, थरथरीनं घासत राहते आणि एखाद्या ठिकाणी तांबं उघडं पडतं. ते धातूला टेकलं की स्विच बंद केल्यासारखंच. दांडी एका विशिष्ट बाजूला वळवली की मशीन मरतं, अशी तक्रार असेल तर बहुतेक हेच. ती बारीक वायर कॉईलपासून थोडा वेळ सोडवून चालवून बघा. मग बंद पडत नसेल तर वायर किंवा स्विच बदला. तपासणीच्या वेळी मशीन बंद कसं करायचं ते आधीच ठरवून ठेवा: चोक लावून. आणि वायर परत जोडल्याशिवाय कामाला लागू नका.

प्लगचा रंग बिस्किटासारखा फिका तपकिरी असेल तर सगळं आलबेल. काजळी असेल तर हवा कमी किंवा ऑइल जास्त. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये. पांढरा-करडा, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, आणि हे सगळ्यात धोक्याचं. प्लगच्या टोकाची फट टू-स्ट्रोकला साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर, फोर-स्ट्रोकला ०.७ ते ०.८. कॉईल बदलली तर तिच्यात आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) चुंबकात साधारण ०.३ मिलिमीटर फट ठेवायची. उद्यमनगरात त्यासाठी मोजमापाचं पान शोधत नाहीत, कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड घालून बोल्ट आवळतात. जाडी तेवढीच असते.

आत हवा, बाहेर धूर

मंद गतीत झकास आणि रेस दिली की घुसमटतं, अशी तक्रार असेल तर आधी एअर फिल्टर काढा आणि क्षणभर तसंच चालवून बघा. फरक पडला तर कारण सापडलं. उन्हाळ्यात जोतिबाच्या बाजूच्या तांबड्या मुरमाची धूळ फिल्टरवर मेंदीसारखी बसते. स्पंज असेल तर भांड्याच्या साबणानं धुऊन, पिळवटून न काढता दाबून सुकवा, दोन थेंब इंजिन ऑइल चोळा आणि बसवा. कागदाचा असेल तर झटका, नाहीतर बदला. धुवायचा नाही.

मग सायलेन्सर. तोंडाशी बारीक जाळी असते, ठिणग्या अडवण्यासाठी. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जास्त पडलं की ती काजळीनं बुजते. धूर बाहेर जाईना म्हणून ताजी हवा आत येईना. जाळी काढून तारेच्या ब्रशनं घासा. आणखी एक कारण हसण्यावारी नेऊ नका: कुंभारमाशी. महिना-दोन महिने कोपऱ्यात पडलेल्या मशीनच्या सायलेन्सरमध्ये तिनं मातीचं घर बांधलेलं मी दोनदा बघितलंय. एकदा तर कळंब्यातल्या एका गिऱ्हाइकाचं मशीन चालू झालं, दोन मिनिटं चाललं आणि तोंडातून मातीची गोळी उडवून गेलं. मग अगदी व्यवस्थित.

पन्हाळ्यावर काम घेतलंत आणि खाली नीट चालणारं मशीन तिथं जरा जड वाटलं, तर घाबरू नका. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे मिश्रण किंचित जास्त पेट्रोलचं होतं. फिल्टर आधीच मळलेला असेल तर ते जास्त जाणवतं.

पातं मातीत घातलं की मरतं

इथं बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो, आपला असतो. नवी कड पहिल्यांदा मारताना पूर्ण खोली घेऊ नका. पहिल्या फेरीला सेंटिमीटरभर, दुसऱ्या फेरीला उरलेलं. आणि रेस पूर्ण द्या, मग पातं खाली टेकवा. अर्ध्या रेसवर दांडीचं मशीन क्लचवर घसरत राहतं, क्लच जळतो आणि इंजिन दमतं.

मातीचं म्हणाल तर आपली पंचगंगेकाठची काळी माती दोन रूपांत येते, चिकटलेली आणि दगडासारखी. मधला वाफसा आला की तेवढेच काही दिवस कड मारायला सोन्यासारखे. पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी मूठभर माती दाबून बघा. लाडू वळला पण टिचकी मारल्यावर फुटला, तर मशीन काढा. नुसताच चिखल झाला तर ती माती पात्याच्या आवरणात भरून पातं जाम करते, आणि मे महिन्यात वाळून तडकली असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा.

आवरण उघडून पात्याच्या धुऱ्याभोवती गुंडाळलेली हरळी कापून काढा. हरळीचे धावते फुटवे म्हणजे सुंभच. ते बेअरिंगच्या मागे जाऊन बसतात. पातं हातानं मोकळं फिरतं का बघा. पातं झिजून आखूड झालं असेल तर बदला, धार लावत बसू नका. एजरचं पातं धारेच्या जोरावर नव्हे, वेगाच्या जोरावर कापतं.

चाकांच्या मशीनमध्ये पट्टाही बघा. पट्टा घसरला तर पातं थांबतं, पण इंजिन चालू राहतं. लोक दोन्हीला ‘बंद पडलं’च म्हणतात आणि मिस्त्री इंजिन खोलून बसतात.

चाकांच्या मशीनच्या खोड्या

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असू शकतो. एजरचं एक चाक फरशीवर, दुसरं खाली लॉनमध्ये, म्हणजे मशीन तिरकं. ऑइलची पातळी जेमतेम असेल तर तिरकं होताच सेन्सरला वाटतं ऑइल संपलं. सपाटीवर चालतं आणि कडेवर मरतं, अशी तक्रार आली की पहिलं काम सपाट जागी ऑइल बघायचं. अशा छोट्या इंजिनात जेमतेम अर्धा-पाऊण लिटर ऑइल असतं, त्यात शंभर मिली कमी म्हणजे बरंच झालं. पुस्तिकेत वेगळं काही नसेल तर १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल घाला.

फरशीच्या काठाला किंवा पुरलेल्या दगडाला पातं आपटलं आणि तेव्हापासून इंजिन बंद पडतंय, चालू करताना दोरी हिसका देतेय, तर फ्लायव्हीलची छोटी चावी कापली गेली असेल. ती मऊ धातूची मुद्दाम केलेली असते, आतला दांडा वाचवण्यासाठी. कापली की ठिणगी चुकीच्या वेळी पडते. नवी चावी टाका, तिच्या जागी खिळा ठोकू नका.

गार असताना नीट आणि गरम झाल्यावर मरतं, पेट्रोल-ठिणगी दोन्ही व्यवस्थित, तर वाल्वची (इंजिनातल्या झडपांची) फट बघायला द्या. ती इंजिन गार असताना, पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे बघतात. फट संपली की गरम वाल्व पूर्ण मिटत नाही आणि दाब जातो.

विजेवरच्या आणि बॅटरीच्या एजरचं सांगायला फार नाही. ते मध्येच थांबतं ते बहुतेक उष्णतेच्या किंवा जादा भाराच्या कटऑफमुळे. पंधरा मिनिटं थांबा, खोली कमी करा, हवेच्या फटीतली माती काढा. लांब एक्स्टेन्शनची वायर बारीक असेल तर जाड वापरा आणि गुंडाळी पूर्ण सोडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते. वायरच्या मशीनमध्ये कार्बन ब्रश झिजलेत का तेही बघून घ्या.

दोरी ओढेना, आणि मिस्त्रींकडे नेताना

आता मघाशी ठेवलेलं. टू-स्ट्रोक इंजिन कर्रकन थांबलं आणि दोरी जाम झाली, तर जोर लावून फिरवायचं नाही. आधी प्लग काढून हळूच ओढा. सहज फिरलं तर आत पेट्रोल भरून बसलं होतं, दहा-बारा वेळा ओढून बाहेर काढा. तरी फिरत नसेल तर पात्यात काही अडकलंय का ते बघा. तेही नसेल तर सायलेन्सर काढून भोकातून पिस्टनकडे टॉर्च मारा. उभे ओरखडे दिसले तर ऑइलशिवायचं पेट्रोल गेलंय, आणि हे काम घरचं नाही.

मिस्त्रींकडे नेताना एका कागदावर लिहून न्या: किती मिनिटांनी बंद पडतं, खटकन की आचके देत, किती वेळानं चालू होतं, मिश्रण किती टाकता, शेवटचं पेट्रोल कधी आणलं, काय काय बदललंत. स्क्रू फिरवले असतील तर तेही कबूल करा, लपवून आपलेच पैसे वाढतात. मशीन धुऊन-पुसून नेऊ नका. झाकणातली माती, फिल्टरवरची धूळ, टाकीतलं तेच पेट्रोल तसंच राहू द्या. आणि नेता तेव्हा अर्धा तास हातात ठेवून जा, म्हणजे ते चालू करून कट्ट्यावर टेकवायला सवड राहील.